भय १९४९चे, कायदा १९९९चा

नागपूरहून पूर्वेस निघालेला महामार्ग सुमारे साठ किलोमीटरांवर वैनगंगेला भेटतो, आणि त्या भेटीच्या अलीकडेच भंडारा शहर वसलेले आहे. जुन्या वॉर्डांतील गल्ल्यांत आता नवे घर उभे राहण्यास जागा उरली नाही. त्यामुळे जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीतील कामगार, वरठीच्या पोलाद कारखान्यातील तंत्रज्ञ, बँकांतील बदलीचे कारकून, जिल्हा रुग्णालयातील परिचारिका आणि नागपूरचे अपडाऊन असह्य झालेले शिक्षक असे सर्वजण गणेशपूर, खोकरला, बेला यांसारख्या शहरालगतच्या वस्त्यांत घर शोधू लागतात. या वस्त्यांत अंगण असते, दारी लिंब असतो, मालक बहुधा खालच्या मजल्यावर राहतो, आणि किराया दर महिन्याच्या पाच तारखेस हातोहात दिला जातो. व्यवहार इतका घरगुती, की कागदाचा विषय काढणाऱ्या माणसाच्या हेतूविषयीच शंका यावी. तथापि याच घरगुतीपणाच्या आड काही समजुती अशा घट्ट रुजलेल्या आहेत, की त्यांच्यापायी मालक अकारण भितो आणि किरायेदार अकारण दबून राहतो.

त्यांतील सर्वांत प्रबळ समजूत पुढीलप्रमाणे ऐकू येते: "अकरा महिने झाले का कागद बदलवायचा, नाही त घर गेलं समज." हिचेच दुसरे रूप असे, की बारा वर्षे एकाच घरात राहिलेला किरायेदार त्या घराचा मालक होतो. यातील बारा हा आकडा सर्वस्वी काल्पनिक नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात प्रतिकूल कब्जासाठी बारा वर्षांची मुदत सांगितलेली आहे. परंतु प्रतिकूल कब्जा म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि अखंड चालविलेली वहिवाट. जो मनुष्य दरमहा किराया देतो, तो दरमहा मालकाची मालकी कबूल करतो. त्याचा कब्जा परवानगीचा होय, आणि परवानगीच्या कब्जाला कितीही वर्षे लोटली तरी मालकीचे अंकुर फुटत नाहीत. घरात प्रवेश करताना ज्याला मालक मानले, त्याची त्या वेळची मालकी भाडेकरूला कब्जा चालू असेतो नाकारता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यापासून आपल्याकडे प्रस्थापित आहे. भाडेपट्टा कायदेशीररीत्या संपुष्टात आल्यानंतर मात्र कब्जा परत मागण्याच्या दाव्याला बारा वर्षांची मर्यादा आहे. तेव्हा पट्टा संपवून तपभर स्वस्थ बसणाऱ्या मालकाने चिंता करावी, इतरांनी नव्हे.

मग हे भय इतके खोल कसे गेले? माझ्या मते त्याचा उगम एका रद्द झालेल्या कायद्यात आहे. भंडारा जिल्हा जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडातला. मुंबई इलाख्यात १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा होता, हैदराबाद राज्यातून आलेल्या मराठवाड्यात १९५४ चा, आणि आपल्या विदर्भात १९४९ चा घरे भाड्याने देण्याविषयीचा व भाडेनियंत्रणाचा आदेश. या आदेशाखाली मालकाला भाडेकरूस घर सोडण्याची साधी नोटीससुद्धा भाडे नियंत्रकाच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून देता येत नसे. आधी नियंत्रकापुढे अर्ज, तेथे कारणे सिद्ध करणे, परवानगी मिळाल्यावर नोटीस, आणि नोटिशीची मुदत संपल्यावर पुन्हा दिवाणी न्यायालयात दावा, असा तो दुहेरी प्रवास होता. रिकाम्या झालेल्या घराची खबर सरकारला द्यावी लागे आणि ते घर शासकीय नोकरास किंवा फाळणीनंतर आलेल्या विस्थापितास द्यावे, असा हुकूम जिल्ह्याचा अधिकारी काढू शके. युद्धोत्तर टंचाईच्या त्या काळात ही तजवीज अवश्य होती, याविषयी दुमत नसावे. परंतु ज्या मालकाचे तारुण्य नियंत्रकाच्या कचेरीत तारखा मोजण्यात गेले, त्याने आपल्या मुलाला काय शिकवले असेल, हे सांगावयास नको. मुलाने ते ऐकले, नातवाने ते गृहीत धरले. दरम्यान हे तिन्ही जुने कायदे दूर सारून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. कायदा बदलून पाव शतक उलटले, तरी भय १९४९ चेच राहिले.

अकरा महिन्यांचे कोडेही जुनेच आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा यांनुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक. तेव्हा अकरा महिन्यांचा कागद केला की नोंदणी टळते, असा तो हिशेब. महाराष्ट्रात तो आता चुकतो. १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ म्हणते, की भाडेपट्टा असो वा अनुज्ञाप्तीचा, म्हणजे ज्याला सर्वजण लीव्ह अँड लायसन्स म्हणतात तो करार असो, तो लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. मुदतीचा तेथे उल्लेखच नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु खरी शिक्षा याहून निराळी आहे: नोंदलेला कागद नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले होते याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे घर जाईल या भीतीने जो मालक नोंदणी टाळतो, तो आपल्याच हाताने भाडेकरूच्या शब्दाला वजन देतो.

कचेरीसमोरील मंडपात टंकलिखित केलेला, पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरचा, तांबडी मोहर उठवलेला नोटरीचा कागद म्हणजे नोंदणी, असेही पुष्कळांना वाटते. नोटरी सह्यांची साक्ष देतो, दस्त नोंदवीत नाही. ते काम दुय्यम निबंधकाचे, आणि आता ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार क्रमांक व अंगठ्याच्या आधारे घरबसल्याही होते. खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. महिना सहा हजार किराया, वीस हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर एकूण किराया व अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे एकशे सत्तर रुपये. वर नोंदणी फी नगरपालिकेच्या हद्दीत एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे. नोटरीच्या कागदाला साधारण तेवढेच पडतात. हा अधिनियम प्रथमतः अनुसूचीतील क्षेत्रांना लागू असल्यामुळे ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घराविषयी कोणी वाद काढील. नोंदलेला दस्त हाती असला की त्या वादाचे फारसे महत्त्व उरत नाही.

अनुज्ञाप्ती आणि भाडेपट्टा यांतील भेद समजून घेतला तर मालकाचे उरलेसुरले भय ओसरावे. पट्ट्याने घरात हितसंबंध निर्माण होतो. अनुज्ञाप्तीने केवळ राहण्याची मुभा मिळते. ही कल्पना सुविधाधिकारांच्या १८८२ च्या कायद्यातली, आणि गंमत अशी की तो कायदा मुंबई इलाख्याला लागू होण्यापूर्वीच मध्यप्रांताला लागू झाला होता. निवासी अनुज्ञाप्तीची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. याचा अर्थ मालकाने स्वतःच कुलूप ठोकावे किंवा नळ बंद करावा असा नव्हे. भाडेकरूचा पाणी, वीज यांसारखा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास कलम २९ मनाई करते, आणि मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत दोन्ही बाजूंनी सोडून द्यावी.

घर दाखवणारा मनुष्य घराचा मालकच आहे, हे पुष्कळदा घर टॅक्सच्या पावतीवरून मानले जाते. ती पावती करापुरती. मालकीचा तो पुरावा नव्हे. विदर्भातील शहरांत नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, जमिनी विपुल आहेत, आणि तेथे पाहावयाचा कागद आखीव पत्रिका हा होय: तीत शीट क्रमांक, भूखंड क्रमांक, क्षेत्र आणि धारकाचे नाव असते, व जमीन पट्ट्याची असल्यास तेही उमगते. वडील वारले आणि पत्रिकेवर अद्याप त्यांचेच नाव आहे, असे सर्रास आढळते. अशा वेळी एका भावाने केलेला करार दुसऱ्या भावाला मान्य आहे काय, हे सामान हलविण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

अनामत दोन महिन्यांच्या किरायाहून अधिक घेता येत नाही, असे अलीकडे भ्रमणध्वनीवरील निरोपांतून ठासून सांगितले जाते. त्याचे मूळ केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. परंतु तो नमुना होय. घरमालक व भाडेकरू यांचे संबंध हा राज्यसूचीतील विषय, आणि महाराष्ट्राने तो नमुना स्वीकारलेला नाही. येथे अनामत कराराने ठरते. पोलिसांत माहिती देण्याविषयीही असाच घोटाळा आहे: दंडाधिकाऱ्यांचा तसा आदेश अमलात असतो तेव्हा मालकाने ती द्यावयाची असते, ती माहिती आहे, पोलिसांची परवानगी नव्हे.

दुरुस्तीचे तर कोणी नावच काढीत नाही. "जसे आहे तसे घेतले" म्हणून पावसाळ्यात कवेलूंतून गळणाऱ्या पाण्याखाली भांडी मांडण्याची आवश्यकता भाडेकरूला नाही. घर राहण्यायोग्य ठेवणे कलम १४ प्रमाणे मालकाचे काम. त्याने दुर्लक्ष केल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि तो खर्च, वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशापर्यंत, भाड्यातून वळता करू शकतो.

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. "घर माझे, कोणाला द्यायचे ती माझी मर्जी" हे वाक्य या शांत वस्त्यांत फार सौम्य स्वरात उच्चारले जाते, आणि त्याच्या आधीचा प्रश्न बहुधा आडनावाचा असतो. एकट्या मुलीला किंवा बिऱ्हाडाविना आलेल्या तरुणाला नकार देणारा मालक कायद्याच्या कचाट्यात सहसा सापडत नाही, हे खरे. परंतु मर्जीला मर्यादा आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, मिळविण्यास वा त्यात राहण्यास मज्जाव करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमाखाली गुन्हा आहे. तो संमत होण्याच्या आदल्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते, आणि पराभूत झाले होते. ज्या जिल्ह्याच्या स्मृतीत ही घटना आहे, तेथे आडनाव ऐकून "कालच घर गेले" असे उत्तर आजही मिळावे, याला भाबडा गैरसमज म्हणणे मला कठीण जाते.

विजेचे गणित त्या मानाने निरुपद्रवी. वर-खाली दोन बिऱ्हाडे, मीटर एक आणि किरायेदारासाठी सबमीटर, ही व्यवस्था काटकसरीची समजली जाते. प्रत्यक्षात घरगुती दर टप्प्यांनी चढतात: पहिली शंभर युनिटे स्वस्त, तीनशेपर्यंतची त्याहून बरीच महाग, पुढे आणखी. दोन बिऱ्हाडांची दीडदीडशे युनिटे स्वतंत्र मीटरांवर पडली, तर दोघांनाही पहिल्या शंभरांचा लाभ मिळतो. एकाच मीटरवर तीनशे पडली, तर तो लाभ एकदाच. मे महिन्यात दोन कुलर अहोरात्र चालू लागले की हा फरक बिलात ठळक दिसतो, आणि मग मालकाने लबाडी केली, अशी शंका नाहक घेतली जाते.

राहता राहिला शांततेचा प्रश्न. शहराबाहेर गेले की शांतता आपोआप मिळते, हे महामार्गालगतच्या घरात पहिली रात्र काढली की खोटे ठरते. वरठीजवळ घर घेतले तर मुंबई-हावडा लोहमार्ग आपली हजेरी लावतोच. रात्री दहापर्यंत वाटेल तेवढा आवाज चालतो, हीसुद्धा चूक: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा पंचावन्न व रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे, आणि ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी दिवसाही लागते. दहा ते सहा ही वेळ त्यावर जवळजवळ संपूर्ण बंदीची.

परंतु नदीकाठच्या वस्त्यांत आवाजाहून पाण्याचा विचार अगत्याचा. गावात पाऊस नाही म्हणजे पुराचे भय नाही, असे मानणाऱ्यांना ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने उत्तर दिले. तेव्हाचे पाणी प्रामुख्याने वर मध्य प्रदेशात कोसळलेल्या पावसाचे आणि संजय सरोवरासारख्या धरणांतून सोडलेले होते. पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर यांपैकी कोणत्या रेषेच्या आत पडते, हे नकाशावर पाहून घ्यावे, आणि २०२० साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, हे मालकापेक्षा समोरच्या घरातील म्हाताऱ्या बाईंना विचारावे. त्यांना ते घर किरायाने द्यावयाचे नसते.