लस, ताप आणि नर्सबाईंचा शब्द



कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक लागतं. तिथून पुढे वडेश्वर, खांडपर्यंत अंदर मावळ पसरलेला आहे. इथल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांविषयी आमचे मित्र नेहमी विचारतात, "लस फुकट आहे, मग ही माणसं मुलांना का देत नाहीत?" प्रश्न कळकळीचा असतो, पण आईला कळत नाही असं त्यात धरूनच चाललेलं असतं. खरं तर बहुतेक वेळा आईला जे कळलेलं असतं, तेच तिला अडवतं.

बाळ दीड महिन्याचं झालं की पेंटाव्हॅलंट लस टोचतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर, यांच्याविरुद्ध ही एकच सुई. त्या रात्री पुष्कळ बाळांना ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिरतं. शरीर लशीला प्रतिसाद देत असतं; एक-दोन दिवसांत ताप उतरतो. पण हे आधी कुणी सांगितलंच नसेल तर? हसतं-खेळतं बाळ नेलं आणि तापलेलं घरी आणलं, एवढंच आईच्या लक्षात राहतं. शेजारचीही तेच ऐकते. मग दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस हुकतात.

यासाठीच सरकारी कार्यक्रमात नर्सबाईंनी दर वेळी चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली व ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचं. सुईनंतर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात, तोच या बोलण्याचा वेळ. रांग मोठी असली की नेमकं हेच गाळलं जातं. जन्मतः दिलेल्या बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो आणि आपोआप बरा होतो, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. न सांगितल्यास त्यावर कसलासा पाला बांधला जातो, आणि दोष लशीला.

पालकांची भीती नेहमी निराधार असते असंही म्हणता येणार नाही. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना उलट्या झाल्या, रुग्णालयात ठेवावं लागलं. सुदैवाने ती बचावली. संबंधितांवर निलंबनाची कारवाई झाली. अशी चूक दडपली तर गाव कायमचं दुरावतं. उघडपणे कबूल केली, तर निदान पुढचं बोलणं शक्य होतं.

आईला स्वतः पाहता येईल असंही काही आहे. पोलिओच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस वापरण्याजोगी. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर उष्णतेने बिघडलेली. अक्षर न येणाऱ्या आईलाही हे कळतं. "दाखवा बाई" असं तिने म्हटलं तर नर्सबाईंनी रागावू नये, उलट कुपी पुढे करावी.

दुसरी अडचण रोजगाराची. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. तो बहुधा या स्थलांतरातच सापडतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराने बालकं दगावली, तेव्हा लस न मिळालेली मुलं किती जवळ राहतात हे शहरालाही समजलं. लस कोणत्याही सरकारी केंद्रात घेता येते, पण भट्टीवरच्या अनोळखी नर्सबाईंपुढे जायला आई बिचकते. टाकव्याची आशाताई तिला नावाने ओळखते. ती ओळख भट्टीवर नसते.

तेव्हा वाडीभेटीला आमच्यासोबत येणाऱ्यांना एवढीच विनंती: लशीचं महत्त्व सांगत बसू नका. "मागच्या वेळी बाळाला काय झालं होतं?" असं विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. जे ऐकाल ते आशाताईंच्या कानावर घाला. आणि कुटुंब भट्टीवर निघण्याच्या आधी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोचक्यात ठेवलंय का, ते पाहा.