जेवलात का, अंतराळकर?

काय मंडळी, कसं काय? बरंय ना?

पकडलं! तुम्ही आत्ता मनातल्या मनात ‘बरंय’ म्हणालात. गुडघा, ईएमआय, गळका नळ... काही म्हणता काही आठवलं नाही. जीभ आपली कायम तयार! मग हे ‘कसं काय’ आणि ‘बरंय’ मनापासूनचं की नुसतं तोंडदेखलं? चला, जगभरच्या नमस्कारांची एक झटपट राउंड मारू.

माहीत आहे का, इटलीचं स्टायलिश ‘चाव’ म्हणजे मुळात ‘मी तुमचा गुलाम’? व्हेनिसच्या बोलीतला हा शब्द घासूनघासून एवढासा झाला. ऑस्ट्रियात दोस्त भेटला की ‘झेर्वुस’ म्हणतात, तोही लॅटिनमधला गुलामच. म्हणजे कॉफीच्या टेबलावर दोन गुलाम समोरासमोर, आणि मालकाचा पत्ताच नाही!

आपणही कमी नाही हं. पोस्टकार्डाच्या डोक्यावरचं ‘शि. सा. न. वि. वि.’ आठवतंय? शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा हा आपला शॉर्टफॉर्म! आता साष्टांग म्हणजे आठ अंगांनी जमिनीवर लोटांगण, आणि पत्र लिहिणारा तर खुर्चीत. पण ती आठ अंगं मोजा: छाती, डोकं, हात, पाय, गुडघे, दृष्टी, वाणी... आणि आठवं मन! पाठ खुर्चीला टेकलेली असली तरी मन वाकू शकतं. आजोबांची पत्रं काढून बघा, त्या पाच अक्षरांपाशी शाई जरा ठळकच दिसते. घाईत नाही लिहायची ती माणसं.

१८७७मध्ये टेलिफोनवर काय म्हणून हाक मारायची यावर एडिसनसाहेबांनी सुचवलं ‘हॅलो’. फोनचे जनक ग्रॅहम बेल यांची पसंती मात्र ‘अहोय’ला. बेल जिंकले असते तर? आपल्या आज्यांचं काम सोपं झालं असतं. घरात ‘अहो’ आणि फोनवर ‘अहोय’!

आता एक भारी शब्द: ‘फॅटिक कम्युनियन’. १९२३ साली मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी तो रूढ केला. अर्थ सोपा. काही बोलणं माहिती द्यायला नसतंच, ते नात्याचा दोरा ताणून बघायला असतं. ‘काय, बाजारात का?’ हे हातात पिशवी दिसत असतानाच विचारतात ना, ते हेच. उत्तर हवंच कुणाला?

पण कधी कधी हवं असतं! आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका लातूरकडचे. गेटमधून कधीही जा, प्रश्न एकच: ‘झालं का जेवण?’ मी वर्षभर ‘हो काका, तुमचं?’ म्हणत सटकायचे. एकदा रात्री साडेदहाला, दमून आले होते, खरं तेच तोंडातून गेलं: ‘नाही हो अजून.’ काकांनी खुर्चीखालचा डबा वर घेतला. कागदात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. भाकरी मधोमध मोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. ‘घ्या. वर जाऊन कधी करणार?’ बास! त्या दिवसापासून ‘झालं का जेवण’ला मी ‘फॉर्मॅलिटी’ म्हणणं सोडलं.

माहीत आहे का, चीनमध्येही जुन्या वळणाची माणसं भेटली की ‘जेवलात का?’ हेच विचारतात. लातूर ते बीजिंग, थेट कनेक्शन!

इराणमधला ‘तारोफ’ ऐकलाय? टॅक्सीवाल्याला भाडं विचारलं की तो म्हणू शकतो, ‘काबेल नदारे’. म्हणजे तुमच्यापुढे त्याची काय किंमत! पण खूश होऊन उतरून चालू पडू नका. ‘घ्या हो, घ्याच’ असा आग्रह करून पैसे द्यायचे असतात. आपल्याकडच्या ‘राहू द्या हो’, ‘अहो असं कसं’ या कुस्तीचा हा फारसी अवतार. दोघांनाही निकाल माहीत असतो, तरी कुस्ती रंगते, कारण त्यातून दोघांचाही मान राखला जातो.

आणि मनापासून नमस्कार करायचा कायदा असेल तर? आहे! हवाईमध्ये १९८६पासून ‘अलोहा स्पिरिट’ कायद्याच्या पुस्तकात आहे. त्यात अलोहाचा अर्थच दिलाय: परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली माया. दंड मात्र कुणालाच नाही. मायेला पावती कशी फाडणार?

रेकॉर्डप्रेमींनो, हात पुढे करा! १ जानेवारी १९०७ या एका दिवसात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ८,५१३ जणांशी हस्तांदोलन केलं. आणि २०११मध्ये न्यूयॉर्कला दोन जोड्यांनी ३३ तास ३ मिनिटं एकमेकांचे हात सोडलेच नाहीत. हातात हात म्हणजे किती!

खरं हसू ओळखायचंय? ओठ नको, डोळे बघा. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२मध्ये मांडलं की मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही भाग घेतो. ओठ हुकमावर हसतात, डोळे सहसा नाही. पुढच्या ‘गुड मॉर्निंग’ला टेस्ट करा.

मराठी भाषा तर याबाबतीत महाचतुर. नमस्कार आदराचा, पण ‘कोपरापासून नमस्कार’ म्हणजे बाबा, तू नकोसच! भेटल्यावर ‘राम राम’, नोकरी सोडली की ‘रामराम ठोकला’. शब्द तेच, सूर बदलला की काम तमाम.

काही नमस्कार तर नुसते नमस्कार नाहीतच. ‘जय भीम’ घ्या. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी हे अभिवादन रुजवलं. माणूस अवघा पस्तिशीत गेला, १९३९मध्ये. त्यांचे दोन शब्द आजही लाखो लोक ताठ मानेनं उच्चारतात. इथे ‘मनापासून का?’ हा प्रश्नच उद्भवत नाही.

वारीत चला. तिथे वयानं थोरले वारकरी तुमच्या पायाला हात लावतात, तुम्ही त्यांच्या. दोघांच्याही तोंडी ‘माउली’. कोण मोठा, कोण लहान? वाकण्यात टाय!

निरोपाची वेगळीच गंमत. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पहिलं ‘येतो हं’ सोफ्यावर. दुसरं चपला सरकवताना, तेवढ्यात आतून ‘थांब गं, कुंकू लावते’. तिसरं लिफ्टचं दार पायानं अडवून, आणि खरी बातमी नेमकी इथेच निघते: कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं. चौथं खालून गॅलरीकडे मान वर करून. एवढे चार ‘येतो’ तोंडदेखले असूच शकत नाहीत, माझी खात्री आहे.

अनोळखी माणसाशी बोलायला कसंसंच वाटतं? शिकागोच्या लोकल प्रवाशांवरचा एक अभ्यास २०१४मध्ये आला. लोकांचा अंदाज होता की गप्प बसलेलं बरं. शेजाऱ्याशी बोलायला लावलं, तर त्यांचाच प्रवास जास्त आनंदात गेला. मुंबईच्या लोकलमधल्या ग्रुपला हे सांगाल तर ते म्हणतील, यात नवीन काय?

आणि आता सगळ्यात लांबचा नमस्कार! १९७७मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार, त्यात आपली मराठीही. पृथ्वीवरची माणसं तुम्हाला शुभविचार पाठवताहेत, असं मराठीत अंतराळात चाललंय. आणि चीनच्या अमॉय बोलीतला नमस्कार काय विचारतो, माहीत आहे का? अंतराळातल्या मित्रांनो, जेवलात का? वेळ मिळाला तर घरी या!

ऐकणारं कुणी भेटेल की नाही, काही ठाऊक नाही, तरी विचारून ठेवलंय. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज आहे. त्या भैरवीचं नाव ‘जात कहाँ हो’. आपल्या नाक्यावरच्या भाषेत सांगायचं तर, ‘काय, कुठं निघालात?’