सोलरची बॅटरी: वऱ्हाडी उन्हाचा आणि बोअरच्या पाण्याचा हिशेब

अमरावती-अकोल्यात गच्चीवर सोलर बसवलेल्या बऱ्याच घरांचा पहिला हिरमोड उन्हाळ्यातल्या भर दुपारी होतो. वर पॅनेलं तळपत असतात आणि लाइन गेली की खाली पंखाही थांबतो. ‘मग सोलर बसवलं कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात इन्व्हर्टर बिघडलेला नसतो. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या विजेशी जुळवून चालतो आणि ती गेली की लगेच बंद पडतो. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून उलट आलेला करंट लागला तर जिवावर बेतेल. लाइन गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

हे कळलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: बॅटरी नाही तर सोलर फुकट. तसंही नाही. बिल कमी करायला बॅटरी लागत नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारची जास्तीची युनिटं महावितरणकडे जमा होतात, रात्री वापरलेली त्यातून वजा होतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. उलट बॅटरीत घातलेली वीज पूर्ण परत मिळत नाही. लेड-ॲसिडमध्ये पाचवा हिस्सा सहज वाटेत जातो. म्हणून बॅटरी घ्यायची ती लाइन नसतानाच्या तासांसाठी. मेळघाटात जिथे लाइन पोचलेलीच नाही तिथे तिला पर्याय नाही, पण शहरात लाइन किती तास जाते हे आधी पाहावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते पॅनेल-इन्व्हर्टरच्या क्षमतेवर मिळतं. बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही. ‘अनुदानात बॅटरी बसवून देतो’ असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागावं.

‘दीडशेची बॅटरी घ्या, रात्रभर कूलर चालेल’ हे वाक्य दुकानात हमखास कानावर पडतं. हिशेब करून पाहू. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १,८०० वॅट-तास, कागदावर १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच रिकामी करावी, म्हणजे ०.९ युनिट. इन्व्हर्टरची घट काढली की हाती पाऊण युनिट उरतं. वऱ्हाडातला मोठा कूलर १८० वॅट ओढतो असं धरलं तर हे जेमतेम चार तास पुरेल, तेही पंखा-दिवे बंद ठेवून. बॅटरीवर ‘सी-१०’ लिहिलंय की ‘सी-२०’ हेही बघावं. सी-२० म्हणजे वीस तासांत सावकाश रिकामी केल्यावर मिळणारी क्षमता. कूलर लावला की तीच बॅटरी छापलेल्या आकड्यापेक्षा कमी देते. सोलरला सी-१० घ्यावी.

आता ऊन. ‘जितकं ऊन तापेल तितकं सोलर जोरात’ हा समज इथे फार खोल रुजलाय. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको. २५ अंशांपुढे दर अंशाला त्याचं उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटतं आणि अकोल्यात पारा ४५ ला गेला की पॅनेल त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. तरी पॅनेल हे सोसून नेतं, बॅटरी सोसत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५-२७ अंश धरून सांगितलेलं असतं. तिचं तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं तर ते साधारण निम्मं होतं. आणि आपल्याकडे ती कुठे ठेवतात? गच्चीवर, टिनाच्या शेडमध्ये, ‘वायर वाचते’ म्हणून! खाली जिन्याखालची, पश्चिमेचं ऊन न लागणारी, हवा खेळती असलेली जागा बरी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोली नको, देवघराशेजारी तर नकोच. इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ हवा. १२ व्होल्टवर १,००० वॅट घ्यायचे तर ८० अँपिअरच्या वर करंट वाहतो आणि लांब, बारीक केबल तापते. लांबायची ती पॅनेलची वायर लांबू द्यावी.

पाण्याची गोष्ट खास आपल्या भागाची. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडे खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी पिववत नाही, तेच काही घरांत बॅटरीत जातं. ‘आरओचं चालतं’ हा त्याचा सुशिक्षित अवतार. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात आणि ते प्लेटा खातात. डिस्टिल वॉटरच घालावं, निशाणीच्या लाल-हिरव्या रेघा पाहून, आणि मे महिन्यात जरा जास्त वेळा डोकवावं.

लिथियमला पाणी लागत नाही, ती ८० टक्क्यांपर्यंत बिनघोर वापरता येते. ‘ती पेटते’ ही भीती बरीचशी मोबाइल-स्कूटरच्या वेगळ्या रसायनामुळे आलीय. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी, ती पेटणं कितीतरी अवघड. मात्र ‘लिथियमला उन्हाचं काही नाही’ हेही खोटं. फार तापली तर तिचं नियंत्रण-सर्किट चार्जिंगच थांबवतं. शिवाय जुना इन्व्हर्टर लेड-ॲसिडच्या हिशेबाने चार्ज करतो. त्यावर लिथियमची सेटिंग नसेल तर ती जोडू नये.

चार वर्षांच्या बॅटरीला नवी जोडून ‘बॅकअप वाढवणं’ म्हणजे नवीचे पैसे बुडवणं. दमलेली बॅटरी नवीलाही नीट चार्ज होऊ देत नाही. बदलायच्या तर सगळ्या एकदम. आणि जुनी उतरवली की भंगारवाल्याला देऊ नये, तो ॲसिड नालीत ओततो आणि शिसं काढून घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या आणि तिची किंमत बिलात वळती करून घ्या.