दूर म्हणजे किती?

"बाई, लेकराच्या काळजाला भोक हाय म्हनं. बुजवता येतंय का न्हाई, तेवढंच सांगा."

ऊसतोडीच्या फडावरून थेट दवाखान्यात आलेल्या आजींनी हा प्रश्न विचारला, तेव्हा एका वाक्यात देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नात सव्वादोन वर्षांची, वजन नऊ किलो, ओठ आणि नखं जांभळी. चार पावलं चालली की उकिडवी बसायची. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं नसतं, तर 'पोरगी अशक्त आहे' एवढ्यावरच सगळं थांबलं असतं.

हजार बाळं जन्मली, तर त्यांतल्या आठ-नऊ जणांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. बरेचसे साधे असतात. काही छिद्रं तर आपोआप बुजतात. या मुलीचं प्रकरण तसं नव्हतं. तुमच्या-माझ्या हृदयात डाव्या खालच्या कप्प्यातून महारोहिणी निघते आणि उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी. हिच्या दोन्ही रोहिण्या उजव्याच कप्प्यातून निघाल्या होत्या, शिवाय फुप्फुसाकडची वाट अरुंद. डाव्या कप्प्यातल्या रक्ताला बाहेर पडायला मधल्या पडद्यातलं छिद्र हा एकच रस्ता. आजी जे भोक बुजवायला सांगत होत्या, ते नुसतं बुजवलं असतं तर नात टेबलावरच गेली असती.

अशा वेळी छिद्रापासून महारोहिणीपर्यंत, उजव्या कप्प्याच्या आतून, ठिगळाचा बोगदा बांधतात. छिद्र महारोहिणीच्या लगत असेल तर हे जमतं. लांब असेल तर बोगदाही लांबतो, उजव्या कप्प्यातली जागा खातो आणि झडपेच्या दोऱ्या आडव्या येतात. मग दुसरा मार्ग उरतो : दोन्ही कप्पे मिळून एकच पंप मानायचा आणि शरीरातून परतणाऱ्या शिरा टप्प्याटप्प्याने थेट फुप्फुसाला जोडायच्या. फ्रान्सच्या फोंताँ यांनी 1968 साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. तीवर मुलं जगतात, शाळेत जातात. पण शिरांतला दाब जन्मभर चढा राहतो आणि वर्षानुवर्षांनी यकृत कुरकुरू लागतं. म्हणून पहिला मार्ग सहजासहजी सोडवत नाही.

मुलीला झोपेचं औषध देऊन मी पाऊण तास सोनोग्राफी केली आणि अहवालात लिहिलं, 'छिद्र महारोहिणीपासून दूर.' गुरुवारच्या बैठकीत आमच्या सर्जननी तो वाचला आणि विचारलं, "दूर म्हणजे किती?"

मला राग आला. पण प्रश्न रास्त होता. मी धडधडतं हृदय पाहते, तेही पडद्यावरच्या सपाट कापांमध्ये. त्यांना ते थांबलेलं, रिकामं, लुळं पडलेलं दिसणार. उजव्या वरच्या कप्प्याला चीर देऊन त्या खिडकीतून. 'दूर' या शब्दावर टाका घालता येत नाही.

या दोन नजरांची गाठ घालणं हा आमच्या शास्त्राचा जुनाच उद्योग. बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग यांना ऐकू कमी यायचं. हृदयातली कुरकुर त्या तळहाताने ओळखत. निळ्या बाळांच्या फुप्फुसांना रक्त कमी पडतं, हे त्यांनी ताडलं. ते कसं पोचवायचं याचं तंत्र व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून बसवलं. 29 नोव्हेंबर 1944 रोजी ब्लेलॉक यांनी पहिल्या बाळावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा वैद्यकीय पदवी नसलेले थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. नाव मात्र बराच काळ इतर दोघांचंच झालं.

आम्ही सीटी स्कॅन काढला आणि त्यावरून हृदयाची प्रतिकृती छापून घेतली. थर थर रचून, लवचीक, लिंबाएवढी. सर्जननी तिला खिडकी पाडली, आत चिमटा घातला आणि बराच वेळ बोलले नाहीत. छिद्र मी समजले होते तितकं लांब नव्हतं. मध्ये स्नायूचा एक उंचवटा होता. तो कापला तर वाट होत होती. पण झडपेच्या बारीक दोऱ्या स्कॅनमध्ये नीट उमटत नाहीत, त्यामुळे प्रतिकृतीतही नव्हत्या. त्यांच्यासाठी मी पुन्हा सोनोग्राफी केली, या वेळी फक्त त्यांचाच माग काढत. एक झुबका बोगद्याच्या कडेला होता, आडवा नव्हता.

बोगदा करायचा ठरलं. आत गेल्यावर जमत नाही असं दिसलं, तर दुसऱ्या मार्गाचा पहिला टप्पा करून बाहेर यायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं. आई-वडिलांना दोन्ही शक्यता सांगितल्या. आजींच्या हातात प्रतिकृती दिली आणि म्हटलं, "आजी, भोक बुजवायचं नाही, त्यातलं रक्त वळवायचं."

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "म्हंजी दारं धरायचं," त्या म्हणाल्या. "पानी ह्या वाफ्यात जातंय, ते त्या वाफ्यात घालायचं."

इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. फुप्फुसाकडची अरुंद वाटही ठिगळ लावून रुंद केली. रक्तातला प्राणवायू आधी 74 टक्के होता, दवाखान्यातून घरी जाताना 96. फुप्फुसाच्या वाटेवर थोडं आकुंचन राहिलं आहे. मूल वाढेल तसं पुन्हा एखादी शस्त्रक्रिया लागू शकते, आणि वर्षातून एकदा तपासणी कायमची. पुढची तारीख मी फेब्रुवारीतली देत होते. वडील म्हणाले, तेव्हा ते फडावर असतात. मग ती पट्टा पडल्यावरची, मे महिन्यातली लिहिली.