टर्बो गाडीचा दम कुठे जातो?

आमच्या शाळेच्या पालकवर्गात टॅक्सी चालविणारे अनेक जण आहेत. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपा विमानतळावरून विमानसेवा सुरू झाली आणि मोरजीच्या टॅक्सीवाल्यांना किनाऱ्याबरोबर पठाराची चढणही नित्याची झाली. पर्यटनाच्या हंगामात गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली तर घराचे गणित कोलमडते, हे आम्हांस फीच्या तारखा पुढे ढकलण्याचे अर्ज वाचूनच कळते. म्हणून या अंकात आम्ही टर्बो गाडीच्या एका साध्या, पण पुष्कळ खर्चात पाडणाऱ्या बिघाडाविषयी लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनीही वाचावे, कारण यात भौतिकशास्त्र आहे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वेगाने जातो आणि त्याची शक्ती वाया जाते. त्या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे ट्रकांच्या पाठीवर ‘टर्बो’ हा शब्द आधी आला. मग १९९८ची टाटा सफारी, २००२ची स्कॉर्पिओ अशा गाड्यांतून तो घरांच्या अंगणात पोहोचला. लहान गाडीतला टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरेसुद्धा घेतो. दाबलेली हवा तापते, शंभर अंशांच्याही वर जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून तिला इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून इंजिनाकडे पाठवितात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत ही हवा रबराच्या जाड होज पाइपांतून जाते. आपला विषय हे पाइप.

पाइपात वातावरणाच्या दाबाहून साधारण तितकाच आणखी दाब असतो. त्यात इंजिनाची उष्णता, तेलाचे तुषार आणि खड्ड्यांचे हादरे. रबर काही वर्षांत फुगते, मऊ पडते, वाकणापाशी चिरते. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा लोखंडी क्लिपा गंजविते. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरणारे उंदीरही काही कमी नाहीत.

पाइप फुटला की गाडी बंद पडत नाही, आणि फसगत तेथेच होते. उभ्या गाडीत टर्बो जवळजवळ हवा दाबतच नाही, म्हणून इंजिन शांत चालते आणि गॅरेजवाला म्हणतो, गाडी ठीक आहे. आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट चढताना मात्र गाडीला दम लागतो. (हिंदीत गाडीत दम नसतो, मराठीत तिला दम लागतो; अर्थ एकच!) अॅक्सिलरेटर दाबला की ‘फुस्स’ किंवा शिटीसारखा आवाज येतो, डिझेल गाडी काळा धूर सोडते, मायलेज घटते, कधी इंजिनाचा दिवा लागतो. काळ्या धुराचे कारण सोपे आहे : आत शिरताना मोजलेल्या हवेच्या हिशेबाने संगणक डिझेल सोडतो, पण वाटेत हवा गळते आणि डिझेल अर्धवट जळते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत ही काजळी धुराच्या फिल्टरमध्ये साठते आणि खर्च वाढतो. शिवाय दाब भरून काढण्यासाठी टर्बोला जास्त फिरावे लागते, त्याचे आयुष्य घटते. ओव्हरटेक करताना ऐन वेळी जोर न मिळणे हा तर जिवाचाच प्रश्न.

गेल्या हंगामात एका पालकास एका गॅरेजने टर्बोच बदलावा लागेल असे सांगितले. दुसऱ्या मिस्त्रीने पाहिले, तर इंटरकूलरकडे जाणारा पाइप खालच्या बाजूने पट्टीला घासून फाटला होता. वरून तो नवाच दिसत होता. पाइपाची आणि टर्बोची किंमत यांत कित्येक पटींचा फरक असतो, हे मुद्दाम सांगण्याची गरज नसावी.

तपासणी इंजिन बंद करून, ते पूर्ण थंड झाल्यावरच करावी. टॉर्च घेऊन प्रत्येक पाइपावरून, विशेषतः खालून, हात फिरवावा. वाकणे दाबून पाहावीत. जोडाजवळ तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर गळती बहुधा तेथेच. पाइपात आत थोडे तेल असणे मात्र स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नये. एवढ्याने सापडले नाही तर सायकलच्या पंक्चरची युक्ती. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा पाइप सोडवून त्याच्या तोंडाला वॉल्व्ह बसविलेले घट्ट बूच लावतात, दहा ते पंधरा पौंड दाबाने हवा भरतात आणि जोडांवर साबणाचे पाणी शिंपडतात. बुडबुडे येतील ती जागा पकडावी. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. टायरवाल्याच्या टाकीत शंभर पौंडांहून अधिक दाब असतो. रेग्युलेटर न लावता तो सोडला तर बूच गोळीसारखे सुटते. मुलांनी हा प्रयोग घरी अजिबात करू नये.

क्लिप सैल असेल तर पाइप काढून दोन्ही तोंडे पुसून कोरडी करावीत. तेलकट जोड पुन्हा निसटतो. क्लिप धातूच्या नळीवरील उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. अति आवळली तर रबर कापते. फाटलेला पाइप बदलावाच. टेप गुंडाळणे केवळ घरी पोहोचण्यापुरते. रेडिएटरचा किंवा पाण्याचा पाइप कापून बसविण्याची काटकसर नको, कारण तो या दाबासाठी व तेलासाठी बनविलेला नसतो. एअर फिल्टर आणि टर्बो यांमधला पाइप फाटला असेल तर गाडी चालवूच नये : तेथून हवा गळत नाही, उलट आपली तांबडी धूळ फिल्टर चुकवून आत ओढली जाते आणि टर्बोची पाती झिजविते.

दुरुस्तीनंतर संगणकातील जुनी नोंद पुसून घ्यावी आणि मिस्त्रीला शेजारी बसवून गाडी चढणीवर न्यावी. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीचा आवाज ऐकून पैसे देऊ नयेत.