मालकाचे बसणे आणि गड्याचे चालणे

प्रस्तुत लेखकाने मुंबई उपनगरात महसूल खात्याची कारकुनी केली व नुकतीच निवृत्ती घेतली. ज्या सर्व्हे नंबरांस पूर्वी भातपीक लागलेले असे, त्यांजवर पुढे 'बिनशेती' असा शेरा पडलेला त्याने पुष्कळदा पाहिला. जमिनीचे काय झाले ते दप्तरात सापडते. मालकाच्या देहाचे काय झाले, याचा रकाना सातबाऱ्यात नाही.

अंधेरी-बोरिवलीकडील जुन्या खातेदारांच्या घरी बाप चिखलात उभा राहून लावणी करी. मुलगा आज पन्नाशीचा असून चाळीचे भाडे घेतो व ओटीवर बसतो. त्यास फिरावयास जा म्हटले तर तो म्हणतो, "आमचे हाड कष्टाचे!" हाड बापाचे खरे, पण कष्टही बापाचेच होते. उलट, नोकरदार व व्यापारी शेजारी पहाटे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चालताना दिसतात. त्यांच्या घरी व्यायाम हे वेगळे काम मानण्याची चाल आहे. शेतकऱ्याच्या घरी ती कधी पडलीच नाही, कारण गरजच नव्हती. अंधेरीनजीक वेसावे येथे 1918 साली श्रीयोगेंद्रांनी योगसंस्था काढली, तीही संसारी माणसांसाठी. तथापि कुळंबी-आगऱ्यास ती आपली वाटली असेल, असे लेखकास वाटत नाही.

वंश व ऐपत सारखी असूनही बसणे-चालणे यांनी किती अंतर पडते, याचा दाखला लंडनचा आहे. 1953 साली डॉ. मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरील मध्यम वयाच्या नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांस अधिक, असे आढळले. पुढे 1956 साली त्यांनीच गणवेशाची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर तरुणपणापासूनच रुंद निघाली. म्हणजे सर्व दोष आसनाचा नव्हे; कोण कोणत्या कामास लागतो, हेही पाहिले पाहिजे.

आपल्याकडील आकडे 2014 साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील पाहणीत शहरांत शेकडा 65 व खेड्यांत शेकडा 50 माणसे पुरेशी हालचाल न करणारी आढळली. फुरसतीचा व्यायाम करणारे शेकडा दहाही नव्हते. खेड्यातील निम्मी माणसे! यांत मोटारसायकलीवरून बांधापर्यंत जाऊन गड्यास हाका मारणारे आपल्यासारखे किती, ते ज्याचे त्याने पाहावे.

लेखकास दुसऱ्यास हसण्याचा अधिकार नाही. आरंभी तो मोजणीदाराबरोबर साखळीमागे हिंडे. पुढे बढती मिळाली व खुर्ची आली. दोन वर्षांपूर्वी कान्हेरीच्या पायऱ्यांवर तिसऱ्यांदा बसावे लागले, तेव्हा बरोबरचा माळी, वयाने लेखकाहून मोठा, वर थांबून वाट पाहत होता. त्याचा पगार लेखकाच्या पेन्शनीच्या निम्माही नसेल. त्याच्या गुडघ्यांची दुखणी निराळी, आणि त्यास विश्रांती मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांस आठवड्यास निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. रोज बावीस मिनिटे झाली. ज्यास छातीत कळ येते वा दम लागतो, त्याने आधी डॉक्टरास दाखवावे. बाकीच्यांनी भरभर चालत बांधावर जावे. लेखक सध्या घरापासून स्टेशनापर्यंत पायी जातो. रिक्षावाले ओळखीचे असल्याने रोज थांबून विचारतात.