अनुदान मोजायचं किलोमीटरवर

‘केंद्राने शहराला शंभर ई-बस दिल्या’ हे वाक्य बातमीत शोभतं. हिशेब मात्र वेगळा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत १० हजार बस धरल्या आहेत. खर्चाचा अंदाज ५७,६१३ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा २० हजार कोटींचा. उरलेल्याची तजवीज राज्याने आणि पालिकेने करायची.

बस आणि चालक ठेकेदाराचे. पालिका त्याला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर देते. या दरात केंद्राची मदत १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२ आणि ७ मीटरच्या बसला २०. तिकिटाचे पैसे पालिकेचे, पण बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचं बिल चुकत नाही. प्रस्ताव पाठवताना मार्गांचा अभ्यास कच्चा ठेवणं म्हणूनच महागात पडतं. मदतही दहा वर्षांपुरतीच.

पात्रता लोकसंख्येवर, तीही २०११ च्या जनगणनेतल्या: ३ ते ४० लाख. त्यामुळे कोल्हापूर, नाशिक, नागपूर आत आणि मुंबई बाहेर.

पालिकांचं घोडं बहुधा आगारावर अडतं. मोक्याची जागा हवी, तिथवर उच्चदाबाची वीजवाहिनी हवी. चार्जरपेक्षा जागेचा सातबाराच जास्त वेळ खातो, हे कुठलाही परिवहन अधिकारी खासगीत कबूल करील.